तुमचा पल्ला किती यार्डांचा?

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, मूळचे नाशिकचे, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. उन्हाळ्यात त्यांनी शिकार-सुरक्षेचा कोर्स पूर्ण केला आणि नोव्हेंबरात ऑफिसातल्या मित्राबरोबर आयुष्यात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं आहे. मित्राच्या घरची जमीन व्हर्नन काउंटीतल्या डोंगरउतारांवर आहे आणि उत्तरेला चेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय अरण्यालगत त्यांची एक केबिन आहे. दोन-तीन वर्षांनी वायोमिंगला प्राँगहॉर्नसाठी, म्हणजे तिथल्या माळावरच्या हरणासारख्या जनावरासाठी, जायचाही बेत आहे. रायफल मात्र एकच घ्यायची आहे, आणि ती कोणत्या काडतुसाची घ्यावी हा त्यांचा प्रश्न आहे. मित्राचे वडील म्हणतात, 'थर्टी-थर्टीसारखं काही नाही, माझी जुनी घेऊन जा.' एक सहकारी म्हणतो, 'घ्यायची तर थ्री हंड्रेड विन मॅग घे, पुढे एल्कलाही चालेल.' (एल्क म्हणजे खूप मोठ्या जातीचं हरीण.) दुकानदार सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर पुढे करतो आणि सहाशे यार्डांच्या गोष्टी सांगतो. वाचकाने सहकाऱ्याची विन मॅग रेंजवर पाच वेळा झाडून पाहिली. खांदा काळानिळा झाला, शेवटच्या दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या. तरी कल तिकडेच आहे. कारण त्यांच्याच शब्दांत: 'जनावर जखमी होऊन पळालं आणि कुठेतरी तडफडत मेलं, तर मला ते सहन होणार नाही. म्हणून जास्तीत जास्त ताकदीचं काडतूस घ्यावंसं वाटतं. मांस घरी आणणार आहे, घरात पाच वर्षांची मुलगी आहे. नाशिकला आई माळकरी आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.'

*

तुमच्या पत्रातलं काडतुसांबद्दलचं सगळं मी एकदा वाचलं, आणि 'मला ते सहन होणार नाही' हे वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. काडतूस त्याच्या पोटात येतं. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

तुम्ही असं धरून चालला आहात की ताकद जितकी जास्त तितका जनावराला त्रास कमी. ऐकायला हे पटतं. मलाही पटलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या माझ्या दुसऱ्या हंगामात मी अशीच एक उसनी सेव्हन एमएम मॅग्नम, म्हणजे विन मॅगसारखीच जोरदार काडतुसाची रायफल, घेऊन बसले होते. रेंजवर तिचा धक्का खाऊन खाऊन माझं शरीर एक गोष्ट शिकलं होतं आणि मला ती कळली नव्हती: चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटायचे आणि खांदा आक्रसायचा. हरिणी नव्वद यार्डांवर आडवी उभी होती. नव्वद! ते काडतूस त्याच्या चौपट अंतरावर काम करू शकलं असतं. गोळी फुप्फुसांच्या मागे, पोटात लागली. आम्ही रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचा माग काढला, आणि ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याकाठी. त्या रात्री ती किती वेळ जिवंत होती याचा विचार अजूनही मनात येतो.

हरीण झटकन मरतं ते छातीच्या पिंजऱ्यात गोळी गेली तर. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ ते दहा इंचांची, म्हणजे जेवणाच्या लहान ताटलीएवढी. त्या ताटलीत लागलेली मध्यम ताकदीची गोळी काही सेकंदांत काम संपवते. तिच्या बाहेर, पोटात किंवा मांडीत लागलेली मॅग्नमची गोळीही जनावराला तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याच मरणाकडे नेते. रेंजवर तुमच्या शेवटच्या दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या, हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. तीन गोळ्यांनंतर तुमच्या शरीराने तुम्हाला स्पष्ट काहीतरी सांगितलं. ते ऐका.

आता अंतराकडे येऊ. दुकानदार सहाशे यार्ड म्हणाला, व्हिडिओंत हजार यार्ड दिसतात आणि मनात नकळत बसतं की शिकार म्हणजे लांबची गोष्ट. तुम्ही ज्या दोन जागी बसणार आहात त्यांची मला चांगली ओळख आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

उत्तरेचं जंगल आधी. अ‍ॅस्पेन, मेपल, बाल्सम फर, दलदलीच्या कडेला सीडर. नोव्हेंबरात पानं झडलेली असतात, तरी नजर फार लांब जात नाही. तिथे हरीण दिसतं ते बहुतेक वेळा साठ-सत्तर यार्डांवर, तेही तुकड्यातुकड्यांत: आधी एक आडवी रेघ, मग कान, मग एक पाय. जुन्या लाकूडतोडीच्या वाटेवर किंवा विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात बसलात तर दीडशे यार्डांपर्यंत दिसेल. मित्राच्या वडिलांचा सल्ला या जंगलातून आलेला आहे, आणि या जंगलापुरता तो शंभर टक्के खरा आहे. थर्टी-थर्टी १८९५ साली बाजारात आली आणि सव्वाशे वर्षं उत्तरेकडच्या घरांतून हरणाचं मांस तिच्यावरच येत राहिलं. हलकी, आखूड, झुडपांत न अडकणारी रायफल आणि खांद्याला सोसणारा धक्का.

मात्र तिच्याबद्दल एक गैरसमज तुम्हाला केबिनमध्ये नक्की ऐकायला मिळेल: जड आणि संथ गोळी फांद्या-काटक्या मोडत सरळ जाते. तसं होत नाही. काटकीला लागली की प्रत्येक गोळी वळते; कोण थोडी वळते, कोण जास्त, एवढाच फरक. हरणाच्या छातीपुढे काटक्या असतील तर त्यातून वाट काढणारं काडतूस जगात नाही. हरीण दोन पावलं पुढे येईपर्यंत थांबायचं. आलं नाही तर गेलं.

व्हर्नन काउंटीचा भाग वेगळा आहे. हिमयुगातल्या हिमनद्या आसपासचा सगळा प्रदेश सपाट करून गेल्या, पण नैऋत्य विस्कॉन्सिनचा हा पट्टा त्यांच्या तावडीतून सुटला. म्हणून तिथे किकापू नदीच्या दोन्ही बाजूंना कडेकपाऱ्या, अरुंद दऱ्या, वर मक्याची शेतं आणि उतारावर ओकची झाडं आहेत. नाशिकच्या माणसाला उंचीचं कौतुक वाटणार नाही, पण वळणं ओळखीची वाटतील. इथे माचाण उताराच्या वरच्या कडेला असेल तर दरीच्या पलीकडच्या अंगावर हरीण दिसतं, आणि ते दीडशे, दोनशे, कधी अडीचशे यार्डांवर असतं. दरीतलं अंतर डोळ्यांना फसवतं. मध्ये जमीन दिसत नसल्यामुळे पलीकडचा उतार जवळ वाटतो किंवा फारच लांब वाटतो. अंदाज करू नका, मोजा.

मोजायचं काम ऑक्टोबरातच उरका. अंतर मोजायचं लेझर यंत्र मित्राकडे असेलच, नसेल तर भाड्याने किंवा उसनं घ्या. ज्या माचाणावर बसायचं आहे तिथे दिवसाउजेडी चढा आणि दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचं अंतर टिपून घ्या: तो वाकडा ओक ८५, कुंपणाचा कोपरा १४०, पलीकडच्या वाटेचं वळण २१०. कागद खिशात ठेवा. दोन माचाणांचे असे दोन कागद झाले की काडतुसाचा निम्मा प्रश्न सुटलेला असेल, कारण तुम्हाला खरोखर किती लांब मारायला लागू शकतं याचा आकडा हातात असेल. माझा अंदाज, तो अडीचशेच्या आत येईल. उतारावर एक बारकावा आहे. तिरकं वर किंवा खाली मारताना गुरुत्वाकर्षण गोळीला खेचतं ते आडव्या अंतरापुरतंच. तीस अंशांच्या उतारावर २०० यार्डांचं हरीण तुमच्या नेमाच्या हिशेबाने सुमारे १७३ यार्डांवर असतं. एरवी हा फरक सोडून दिला तरी चालतो, पण दूरचं जनावर आहे म्हणून मुद्दाम उंच नेम धराल तर गोळी पाठीवरून जाईल.

आणि मोजताना त्या रेघेच्या मागे काय आहे तेही लिहा. पलीकडचा उतार गोळी पोटात घेतो, हे दरीत मारण्याचं मोठं सुख. पण कड्याच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण तुमचं नाही. त्याच्यामागे कुणाचं तरी धान्याचं कोठार आहे, कुणीतरी दुसरा शिकारी नारिंगी जाकीट घालून बसला आहे.

कागदावरच्या आकड्यासमोर आता दुसरा आकडा ठेवायचा आहे, तुमचा स्वतःचा. हा दुकानात सांगत नाहीत आणि खोक्यावर छापलेला नसतो. नऊ इंची कागदी प्लेट घ्या. रेंजवर बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून बसू नका. शिकारीत जसे बसाल तसे बसा: गुडघ्यावर कोपर, काठीचा आधार, अंगात जाड जाकीट, हातात पातळ हातमोजे. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये? मग पंचाहत्तर, मग शंभर, मग दीडशे. जिथे पाचातली एक बाहेर जाते तिथून मागे या, तो तुमचा पल्ला. पहिल्या वर्षी बहुतेकांचा बसून शंभर-सव्वाशेच्या आसपास येतो आणि उभ्याने पन्नास-साठचा. त्यात कमीपणा काही नाही. आणखी एक करा: दर रविवारी रेंजवर पोचल्यावर थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागली ते वेगळं लिहून ठेवा. शिकारीत तीच एक गोळी असते.

डोळे मिटण्याची सवय लागली आहे का हे शोधायला मित्राची मदत घ्या. रायफल त्याने भरायची, कधी खरं काडतूस, कधी सरावाचं रिकामं, तुम्हाला न सांगता. रिकाम्यावर चाप ओढताना नळी खाली बुचकळली तर समजा की धक्क्याची भीती अंगात शिरली आहे. मग काही आठवडे ट्वेन्टी-टू रिमफायरवर, म्हणजे अगदी छोट्या काडतुसाच्या रायफलीवर जा. पन्नास गोळ्यांचं खोकं स्वस्तात मिळतं, धक्का नाही, आवाज कमी, आणि हात पुन्हा विश्वासाला येतो.

आता काडतुसं. नावांनी गोंधळून जाऊ नका, त्यांना एक नियम नाही. थर्टी-थर्टीतलं पहिलं तीस म्हणजे नळीचा व्यास, दुसरं म्हणजे तीस ग्रेन दारू. थर्टी-ऑट-सिक्समधलं सहा हे साल आहे, १९०६, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं तेव्हाचं. थ्री-ओ-एटमध्ये आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचाच्या हजाराव्या भागात. ग्रेन हे माप परकं वाटत असेल तर आपल्याकडचा जुना तोळा आठवा. तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे एल्कसाठी लोक १८० ग्रेनची गोळी घेतात ती बरोबर एक तोळा, आणि हरणासाठी नेहमीची १५० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्यापेक्षा थोडी जास्त.

प्रत्येक काडतुसाची गोळी नळीतून निघाल्यापासून खाली पडत जाते, आणि किती पडते यावरून त्याची जमीन ठरते. थर्टी-थर्टीची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २४०० फुटांनी सुटते. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेला ती सात-आठ इंच खाली गेलेली असते आणि ऊर्जाही निम्म्यावर आलेली असते. दीडशेपर्यंत ती हरणाला पुरेशी आहे, त्यापुढे मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. थ्री-ओ-एटची तेवढ्याच वजनाची गोळी २८०० फुटांनी निघते. दोनशेला नेम बसवला तर तीनशेला साधारण नऊ इंच पडते, आणि दोनशेच्या अलीकडे ती नेमाच्या रेघेपासून दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त सरकत नाही. म्हणजे अडीचशेपर्यंत छातीच्या मधोमध नेम धरायचा आणि आकडेमोड विसरायची. क्रीडमोर आणि सेव्हन एमएम-ओ-एट याच माळेतली. टू-सेव्हन्टी आणखी सपाट जाते. विन मॅगची एक तोळ्याची गोळी तीन हजार फुटांच्या आसपास सुटते, पण अडीचशे यार्डांच्या आत या जास्तीच्या वेगाचा हरणाला, तुम्हाला, कुणालाच उपयोग नाही. खर्च मात्र पूर्ण भरावा लागतो, खांद्यावर. साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमोरचा धक्का बारा-तेरा फूट-पाउंडांचा (हे ऊर्जेचं माप), थ्री-ओ-एटचा सोळा-सतराचा, विन मॅगचा पंचविसाच्या पुढे. क्रीडमोरच्या दुप्पट! बारीक अंगकाठीच्या माणसाला हा फरक तिसऱ्या गोळीला कळतो, तुम्हाला कळलाच आहे.

'पुढे एल्कलाही चालेल' या वाक्याबद्दल थोडंसं. पुढचं कधीतरी येणारं जनावर धरून आजची रायफल निवडायची, ही आपली मुलाला दोन नंबर मोठा गणवेश घेण्याची सवय आहे. तुमच्या पत्रात एल्क कुठेच नाही, सहकाऱ्याच्या बोलण्यात आहे. एल्क आलाच तर कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे इंचातला व्यास), ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा मागतो. मी म्हणते ती सगळी मधली काडतुसं ही अट आरामात ओलांडतात. किमान म्हणजे पुरेसं नव्हे हे खरं, पण चांगली गोळी आणि दोनशे-अडीचशेच्या आतलं अंतर असेल तर थ्री-ओ-एटने एल्क पडतो आणि वर्षानुवर्षं पडत आला आहे.

तुमच्या यादीत वायोमिंग मात्र आहे, आणि तिथे विचार बदलावा लागतो. सेजब्रशच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न तुम्हाला मैलभरावरून बघतो. अडीचशे-तीनशे यार्डांचा प्रसंग तिथे खरोखर येतो, आणि त्याची छाती आपल्या हरणापेक्षा लहान. तिथे गोळीच्या पडण्यापेक्षा वारा जास्त घात करतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, जो वायोमिंगमध्ये मंद म्हणून गणला जातो, थ्री-ओ-एटची साधी १५० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर सात-आठ इंच बाजूला नेतो. क्रीडमोरची लांबट, सडपातळ गोळी वारा जास्त चांगला कापते, पाच-सहा इंचांवर भागतं. हे काडतूस २००७ साली आलं ते मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी, त्यामुळे हा गुण त्याच्या जन्मातच आहे. तरी मी म्हणेन की वायोमिंगमध्ये पोटावर सरपटत पन्नास यार्ड पुढे जाणं हे कोणत्याही काडतुसापेक्षा जास्त कामाचं आहे.

तर माझं मत. पहिल्या हंगामात उत्तरेच्या केबिनवर गेलात तर मित्राच्या वडिलांची थर्टी-थर्टी आनंदाने घ्या. त्यांनी ती देऊ केली यात आपुलकी आहे, ती नाकारू नका. एकच काळजी: त्या रायफलीत काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, त्यामुळे कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून स्फोट होऊ शकतो. चपट्या नाकाच्या किंवा तिच्यासाठीच बनवलेल्या मऊ टोकाच्या गोळ्याच वापरायच्या. स्वतःची रायफल घ्यायची ती साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडी मागेपुढे करायची, क्रीडमोरमध्ये. दुकानदाराने उत्तर बरोबर दिलं, पण त्यामागचं कारण चुकीचं दिलं. सहाशे यार्डांसाठी ते घेऊ नका. धक्का सौम्य आहे म्हणून तुम्ही दर रविवारी वीस गोळ्या न घाबरता झाडू शकाल, दरीपलीकडच्या दोनशे यार्डांना ते हलक्या हाताने पुरतं आणि वायोमिंगच्या वाऱ्यातही टिकतं, म्हणून घ्या. मी स्वतः त्या उसन्या मॅग्नमनंतर सेव्हन एमएम-ओ-एट घेतली आणि अजून तीच वापरते. पण तिची काडतुसं लहान गावांतल्या दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून नवख्याला ती सांगत नाही. क्रीडमोर मनात भरत नसेल तर थ्री-ओ-एट घ्या, तिची काडतुसं कुठल्याही आडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात असतात. या दोन्हींत चूक होणार नाही.

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीवर पैसे वाचवू नका, पण मोठी शक्ती म्हणजे चांगली असंही नाही. दोन ते सात किंवा तीन ते नऊ पट पुरे. जंगलात ती सगळ्यात कमी शक्तीवर ठेवून बसायचं. साठ यार्डांवर नऊ पट लावलेल्या दुर्बिणीत फक्त करडे केस दिसतात. ते खांद्याचे की पाठीचे हे कळेपर्यंत हरीण निघून जातं.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण इथे काडतुसाच्या नावापेक्षा गोळीची धातू महत्त्वाची ठरते. शिशाची गोळी शरीरात शिरताना फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेलं हरणाचं खिमा-मांस याच कारणाने वाटू नका म्हणून सांगितलं गेलं, आणि तिथल्या तपासणीत शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त आढळलं. सहा वर्षांखालच्या मुलांनी आणि गरोदर बायकांनी असं मांस खाऊ नये, असा सल्ला तेव्हा दिला गेला. तुमची लेक पाच वर्षांची आहे. तांब्याची गोळी घ्या. ती फुटत नाही, फुलते. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे आणि ही गोळी फुलायला वेग लागत असल्यामुळे एक पायरी हलकं वजन निवडायचं, क्रीडमोरमध्ये १२० ग्रेनच्या आसपासचं. खोकं महाग पडतं. सराव स्वस्त गोळीवर करा, पण हंगामाआधी त्या तांब्याच्या गोळीवर नेम नव्याने बसवा; दोन्ही एकाच जागी लागतील असं धरून चालू नका. हरणाची आतडी रानात टाकून येतो त्यावर गरुड उतरतात, त्यांच्याही पोटात मग शिसं जात नाही. व्हर्ननचा भाग हरणांच्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाच्या पट्ट्यात आहे, २००२ साली हा रोग विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला तो राज्याच्या दक्षिण भागात. म्हणून डोक्याचा नमुना राज्याच्या तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, शिजवू नका.

आईला सांगावं की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, नुसतं लिहिलं आहे. पण कुणी नुसतं लिहीत नाही. माझे आजोबा संगमेश्वराकडचे, घरात शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. डुक्कर भाताचं पार वाटोळं करायचं. बार उडाला त्या रात्री आजी जेवायची नाही, आजोबा तिला जेव म्हणायचे नाहीत, आणि सकाळी दोघं मिळून शेताच्या बांधावर जायचे. एका घरात दोन्ही मावलं. फोटो पाठवून सांगू नका. फोन करून, शांतपणे, हंगामाच्या आधी सांगा. तिला न पटण्याचा हक्क आहे. आपण कुठे बसतो, किती जवळ आल्यावर मारतो, मांस वाया घालवत नाही, हे तिने तुमच्याकडून ऐकलेलं असावं, कुणा नातेवाइकाच्या तोंडून नव्हे.

हे पत्र वाचून आणखीही काही जणांना उत्साह येईल, म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, पण एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही, सुटं काडतूसही नाही. याला मोजके अपवाद आहेत, आणि चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हा त्यातला एक. परवाना संपला की अपवादही संपला. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं, त्यामुळे आधी परवाना, मग रेंज, आणि शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारून मगच. दुसरं, काडतुसाचे नियम राज्यागणिक बदलतात. ओहायोत हरणासाठी रायफलीत सरळ भिंतीच्या नळकांड्याचीच काडतुसं चालतात. म्हणजे मी वर सांगितलेलं निमुळत्या मानेचं, बाटलीच्या आकाराचं एकही काडतूस तिथे चालत नाही, आणि थ्री-फिफ्टी लिजंड किंवा फोर-फिफ्टी बुशमास्टर अशा सरळ काडतुसांकडे वळावं लागतं. दक्षिण मिशिगनच्या बऱ्याच भागातही वर्षानुवर्षं असाच नियम राहिला आहे. परवाना काढताना त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून बघा.

आणि तुम्हाला शेवटचं. डिसेंबरात नाशिकला जाणार असाल तर रेंजवर नेलेली पाठपिशवी प्रवासाला घेऊ नका, जाकीटही नाही. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं, तर भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि 'विसरलो होतो' हे मग कोर्टात वकील लावून सिद्ध करावं लागतं. शिकारीच्या सामानासाठी एक वेगळी पिशवी करा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती गॅरेजमधून घरात येऊ देऊ नका.